दावतीनंतर उरलेल्या देगचं वजन: अन्नाची नासाडी मोजायची कशी, थांबवायची कशी?

लग्नसराईचे दिवस होते आणि शाळा सकाळची होती. वाटेत एका शादीखान्याच्या मागच्या बाजूला आदल्या रात्रीच्या वलीम्याचा ढीग पडला होता. बिर्याणीचा भात, दालच्याचा ओघळ, हातही न लागलेल्या बोट्या आणि दोन घोट पिऊन फेकलेल्या पाण्याच्या बाटल्या. कुत्र्यांचीही पोटं भरलेली होती, ती बाजूला सावलीत पडली होती. आमच्यासोबत चालणाऱ्या सातवीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, हे किती किलो असेल?"

आम्ही म्हणालो, "खूप असेल."

शाळेत पोहोचेपर्यंत ते उत्तर आम्हालाच टोचत राहिलं. वर्गात कुणी गणिताचं उत्तर "खूप" असं लिहिलं, तर आम्ही त्याला शून्य गुण देतो. अन्नाच्या बाबतीत मात्र आपण सगळे, शिक्षक, पालक, मशिदीचे जिम्मेदार, बावर्ची, "खूप वाया जातं हो" एवढंच म्हणतो आणि पुढच्या दावतीला निघतो. म्हणून हा लेख त्या मुलाच्या प्रश्नाबद्दल आहे: किती किलो? आणि तो आकडा कळला तर काय बदलतं?

नुकसान वेगळं, नासाडी वेगळी

अन्न दोन टप्प्यांवर वाया जातं. पहिला टप्पा शेतापासून बाजारापर्यंतचा. सोयाबीन काढणीला आलं आणि पाऊस आला, तूर साठवताना कीड लागली, टोमॅटोला भाव नाही म्हणून तो बांधावरच सडला, वसमतकडे उकडून वाळत घातलेली हळद अवकाळीत भिजली. याला 'अन्नाचं नुकसान' म्हणतात. नाबार्डच्या नॅबकॉन्स या सल्लागार संस्थेनं २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार देशात डाळींचं ५.६५ ते ६.७४ टक्के, भाजीपाल्याचं ४.८७ ते ११.६१ टक्के आणि फळांचं ६.०२ ते १५.०५ टक्के नुकसान काढणीच्या वेळी आणि काढणीनंतर होतं. इथं शेतकऱ्याचा दोष कमी आणि गोदाम, रस्ता, शीतगृह, भाव यांचा जास्त असतो.

दुसरा टप्पा दुकान, हॉटेल, शादीखाना आणि आपलं स्वयंपाकघर. माल आपल्यापर्यंत पोहोचला, पैसे मोजून झाले, शिजवूनही झालं आणि मग तो फेकला गेला. याला 'अन्नाची नासाडी' म्हणतात. हा टप्पा पूर्णपणे आपल्या हातात आहे, म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

संयुक्त राष्ट्रांनी जी शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली, त्यातलं १२.३ हे उद्दिष्ट सांगतं की २०३० पर्यंत दुकानं आणि घरं यांच्या पातळीवरची माणशी नासाडी निम्म्यावर आणायची. निम्मं करायचं तर आधी पूर्ण किती ते माहीत हवं. म्हणून संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम 'अन्न नासाडी निर्देशांक' काढतो. २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्नाची नासाडी झाली. म्हणजे ग्राहकांपर्यंत आलेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यात हॉटेल आणि दावती यांचा वाटा सुमारे २९ कोटी टन, दुकानांचा सुमारे १३ कोटी टन. आणि घरांचा? तब्बल ६३ कोटी टन. दर शंभर किलोतले साठ किलो आपल्या स्वयंपाकघरांतून जातात. त्याच वर्षी जगात ७८ कोटींहून जास्त माणसं उपाशी होती.

"हे श्रीमंत देशांचं काम, आपण गरीब माणसं कुठं फेकतो?" असं आपल्याला वाटतं. अहवाल तसं म्हणत नाही. श्रीमंत, मध्यम आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत घरगुती नासाडीतला फरक माणशी वर्षाला जेमतेम ७ किलोचा निघाला. उलट उष्ण हवामानाच्या देशांत ती जास्त असू शकते, कारण तिथं अन्न लवकर खराब होतं. मे महिन्यात हिंगोलीत सकाळचं सालन संध्याकाळपर्यंत टिकत नाही आणि वर लोडशेडिंग, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

५५ किलो म्हणजे काय?

भारतासाठी या अहवालातला अंदाज आहे माणशी वर्षाला ५५ किलो. देशाचा मिळून ७ कोटी ८० लाख टनांच्या आसपास. ५५ किलोला ३६५ नं भागलं की दिवसाला १५० ग्रॅम, आठवड्याला एक किलोपेक्षा थोडं जास्त. म्हणजे पाच माणसांच्या घरात आठवड्याला साधारण पाच किलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पण आकडा वाचताना दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. पहिली, या हिशेबात खाण्याजोगं आणि न खाण्याजोगं दोन्ही धरलेलं असतं. कांद्याची सालं, केळीची साल, मटणाची हाडं, सगळं त्यात आलं. दुसरी, जे जनावरांच्या चाऱ्यात गेलं ते नासाडीत धरत नाहीत. आपल्या खेड्यातल्या घरात शिळी भाकरी शेळीला आणि भाताची शितं कोंबड्यांना जातात, ती यात येत नाहीत. म्हणूनच खेड्यांत नासाडी शहरांपेक्षा साधारणपणे कमी दिसते.

आता कुणी म्हणेल, २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार ३४५ होती, तिला ५५ नं गुणा, ६४ हजार ७५४ टन झाले, मिळालं उत्तर! नाही. हा गुणाकार झाला, मोजमाप झालं नाही. देशाची सरासरी सेनगावच्या वस्तीला किंवा हिंगोलीच्या एखाद्या मोहल्ल्याला जशीच्या तशी लागू होत नाही. आपल्या घराचा आकडा आपल्याच घरात वजन केल्याशिवाय मिळत नाही.

सात दिवस, दोन बादल्या, एक काटा

घरात मोजण्याच्या तीन पद्धती आहेत. एक, विचारणं: "तुमच्याकडे किती वाया जातं?" यात उत्तर नेहमी कमी येतं. कुणी खोटं बोलतं असं नाही, आपल्याला आठवतच नाही. दुसरी, वहीत लिहून ठेवणं. ही बरी, पण लिहायला विसरतं. तिसरी, प्रत्यक्ष वजन. ही सगळ्यात खरी. घरासाठी दुसरी आणि तिसरी मिळून करावी.

दोन जुन्या बादल्या किंवा डबे घ्या. एकात फक्त जे खाता आलं असतं ते: उरलेला भात, शिळी चपाती, विटलेलं सालन, नासलेलं दूध, सडलेली मेथी. दुसऱ्यात जे खाताच येत नाही ते: सालं, देठं, हाडं, चहाचा चोथा. शेळी-कोंबडीला जे देता त्याचंही वजन करा, पण ते वेगळ्या रकान्यात लिहा. रात्री फेकण्याआधी काट्यावर ठेवा. किराणा दुकानात मिळतो तो साधा लटकवायचा काटाही चालतो. वहीत चार रकाने आखा: दिवस, पदार्थ, वजन आणि कारण. कारणं चारच असतात. जास्त शिजलं, ताटात उरलं, ठेवून खराब झालं, आणून विसरलं.

सात दिवस सलग करा. त्यात जुम्मा आणि रविवार दोन्ही यायला हवेत, कारण त्या दिवशीचं जेवण वेगळं असतं. आणि त्या आठवड्यात मुद्दाम काटकसर करू नका. तपासणीचे साहेब येणार म्हणून शाळा एक दिवस चकाचक होते, तसं व्हायला नको.

आम्ही हे आमच्या घरी केलं, तेव्हा आमचा अंदाज सपशेल चुकला. आम्हाला वाटायचं, मुलं ताटात टाकतात. पहिल्या बादलीत ताटातलं फार नव्हतंच. जास्त होत्या त्या "कुणी आलंच तर" म्हणून रोज जास्तीच्या केलेल्या चपात्या आणि बाजारातून स्वस्त मिळाली म्हणून आणलेली, कपाटामागे पिवळी पडलेली कोथिंबीर. मेहमानासाठी दोन चपात्या जास्त करणं ही आमच्या अम्मींनी लावलेली सवय. ती वाईट नाही. पण मेहमान आठवड्यातून एकदा येतो आणि चपात्या सातही दिवस होतात, हे वहीनं दाखवलं. मग पीठ जास्तीचं मळून ठेवायचं आणि कुणी आलं की लाटायचं, एवढाच बदल केला. घरात भांडण झालं नाही. वही नसती तर दोष मुलांच्या माथी मारून आम्ही मोकळे झालो असतो.

कारणाप्रमाणे उपाय बदलतो. जास्त शिजत असेल तर मापाची वाटी ठरवा. ताटात उरत असेल तर थोडं वाढा, पुन्हा मागू द्या. ठेवून खराब होत असेल तर उरलेलं पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रिजमध्ये पुढे, डोळ्यांसमोर ठेवा. आणून विसरत असाल तर बाजाराची चिठ्ठी करा. शिळ्या भाकरीचे कुटके, चपातीचा मलीदा, फोडणीचा भात हे आपल्या दादी-नानींचे जुनेच उपाय, फक्त मुलांसमोर त्यांना "शिळंपाकं" म्हणणं बंद करू.

शाळेच्या पातेल्यातून शिकलेलं

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. कागदावर प्रत्येक मुलाची भूक सारखी असते. पंगतीत ती सारखी नसते. ज्यानं सकाळी घरून भाकरी खाल्ली तो अर्धी खिचडी टाकतो आणि जो उपाशी आला तो दुसऱ्यांदा मागायला लाजतो.

आम्ही वर्गातल्या मुलांना हे गणित म्हणून दिलं. परत आलेल्या खिचडीची बादली रोज तोलायची, हजर मुलांच्या संख्येनं भागायचं, आठवड्याची सरासरी काढायची. टक्केवारीचा धडा त्यावर झाला. मुलांनी स्वतःच सुचवलं: पहिल्यांदा एक पळी, नंतर हवी तेवढी. बादली हलकी झाली आणि दुसऱ्यांदा मागणाऱ्या मुलांना पोटभर मिळू लागलं. काटा मुलांच्या हातात होता, म्हणून कुणाला रागवावं लागलं नाही.

दावत: जिथं सगळ्यात जास्त बोचतं

आता मूळ ढिगाकडे येऊ. समजा, ६०० जणांना दावत दिली. कमी पडलं तर नाक जाईल म्हणून ७०० जणांचं शिजवलं. आले ५००. म्हणजे २०० माणसांचं उरलं. बावर्चीनं माणशी १२५ ग्रॅम कच्चा तांदूळ धरला असेल, तर उरलेला तांदूळ झाला २५ किलो. शिजून तो साठ-सत्तर किलो भात होतो. त्यातलं मटण, तेल, मसाला, गॅस अजून धरलेलाच नाही.

२५ किलो म्हणजे काय? राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. पाच माणसांच्या घराचं महिन्याचं रेशन नेमकं २५ किलो. एका रात्रीत एका घराचं एक महिन्याचं रेशन शादीखान्याच्या मागे. आणि एक किलो तांदूळ पिकवायला जागतिक सरासरीनं सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागतं. २५ किलोला साडेबासष्ट हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. आपल्या जिल्ह्यात भात फारसा पिकत नाही, म्हणून ते पाणी आपल्याला दिसत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी विहिरी-कालव्यातून ते आलेलं असतं. त्यात हे अन्न ढिगाखाली हवेविना सडलं की मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट जास्त उष्णता धरतो. जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी ८ ते १० टक्के नुकसान आणि नासाडी झालेल्या अन्नामुळे येतात, असा अंदाज आहे.

पण आमच्या मते सगळ्यात मोठा हिशेब मुलीच्या बापाचा आहे. कित्येक घरांत निकाहच्या दिवशीचं जेवण मुलीकडचे देतात. त्यासाठी सोनं गहाण पडतं, सोयाबीनच्या पैशांची उचल होते. उरलेल्या त्या २०० ताटांचं व्याज तो माणूस पुढची दोन-तीन वर्षं फेडतो. २०२१ मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं सोप्या, साध्या निकाहसाठी मोहीम चालवली होती. ती हुंडा आणि फिजूलखर्ची या दोन्हींविरुद्ध होती. इस्राफ या शब्दाचा अर्थच हद्द ओलांडणं असा आहे. आणि जे कधी मोजलंच नाही, त्याची हद्द ओलांडली हे कळणार कसं?

म्हणून दावत देणाऱ्यांनी आणि मोहल्ल्याच्या जिम्मेदारांनी पाच गोष्टी करून पाहाव्यात.

१. तीन दिवस आधी घराघरात फोन करून "किती जण येणार" हे विचारा आणि लिहून घ्या. विचारणं अपमान नाही, असं इमाम साहेबांनी एकदा सांगितलं तर लोक मोकळेपणानं उत्तर देतील.

२. सगळ्या देगा एकदम चढवू नका. आधी सत्तर टक्के शिजवा. उरलेल्यासाठी मसाला आणि मटण तयार, तांदूळ निवडून ठेवलेला. गर्दी दिसली तर पुढची देग चढते, नाही दिसली तर कच्चा तांदूळ पोत्यात राहतो आणि पोत्यातला तांदूळ नासत नाही.

३. ताट लहान ठेवा, वाढपी ठेवा, दोनदा फिरवा. मोठ्या ताटात एकदम डोंगर रचला की टाकलं जाणारच. पाण्याच्या छोट्या बाटल्यांऐवजी जार आणि पेले.

४. हात धुण्याच्या जागी तीन बादल्या: भात-रोटी, हाडं, पाणी-कागद. शेवटी पहिलीचं वजन करा आणि देगमध्ये उरलेल्या, हात न लागलेल्या अन्नाचं वेगळं.

५. ते दोन आकडे आणि आलेल्या माणसांची संख्या बावर्चीच्या आणि शादीखान्याच्या वहीत लिहा. दहा दावतींचे आकडे जमले की आपल्या गावात ६०० आमंत्रणांना खरंच किती माणसं येतात, हे बावर्ची अंदाजानं नाही, वहीतून सांगेल.

उरलंच तर: कुणाला, कसं?

इथं लोक लगेच म्हणतात, "वाटून टाकू, सवाब मिळेल." नियत चांगली आहे, पण काळजी हवी. शिजलेला भात आणि मांस साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, किंवा ६० अंशांच्या वर गरम राहायला हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या उन्हाळ्यात तर दोन तासही जास्त. दुपारच्या दावतीचं रात्री झोपडपट्टीत नेऊन वाटणं म्हणजे गरिबाला आजार वाटणं. म्हणून फक्त हात न लागलेली देग, गरम असतानाच, आणि कुणी न्यायची, कुठल्या गाडीतून, कुठल्या वस्तीत, हे दावतीच्या आधी ठरलेलं हवं. उरलेल्या अन्नाचं संकलन आणि वाटप कसं करावं, याचे नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं, म्हणजेच एफएसएसएआयनं, २०१९ मध्येच केले आहेत.

मराठवाड्यातलंच एक उदाहरण आहे. औरंगाबादमध्ये, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बायजीपुरा भागात यूसुफ मुकाती यांनी हारून मुकाती इस्लामिक सेंटरतर्फे ५ डिसेंबर २०१५ रोजी रोटी बँक सुरू केली. सभासदांनी घरून किमान दोन ताज्या चपात्या आणि सोबत भाजी किंवा सालन आणून द्यायचं आणि ज्याला गरज आहे त्यानं येऊन न्यायचं. यातला 'ताज्या' हा शब्द आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याला नको झालेलं नव्हे, आपण खातो तेच द्यायचं. जी चपाती आपण "कुणी आलंच तर" म्हणून करतो, तिला इथं खरोखरचा मेहमान मिळतो.

माणसांनंतर जनावरं. पण मसालेदार भात एकदम टोपलीभर गाई-शेळ्यांपुढे ओतू नका. जास्त शिजलेला भात खाऊन त्यांच्या पोटात आम्ल वाढतं आणि जनावर दगावूही शकतं. थोडं थोडं, चाऱ्यात मिसळून द्या. त्यानंतर खत: सालं, भाजीचे देठ, उरलंसुरलं खड्ड्यात मातीच्या थरांखाली. गावाबाहेरचा कचऱ्याचा ढीग हा सगळ्यात शेवटचा मार्ग आहे. आज आपण सुरुवातच तिथून करतो.

हे होण्यासारखं आहे का? दक्षिण कोरियात २०१३ पासून अन्नाच्या कचऱ्यावर वजन किंवा मापाप्रमाणे पैसे लागतात. कित्येक इमारतींत डबाच वजन करतो आणि बिल घराच्या नावानं येतं. जपाननं २००८ पासून नासाडी ३१ टक्क्यांनी आणि ब्रिटननं २००७ पासून १८ टक्क्यांनी कमी केली. या देशांनी आधी काटा लावला, मग उपाय केले. आपल्याकडे वजन करणारा डबा नसेल, पण किराणा दुकानातला काटा आहे, शाळेची वही आहे आणि शनिवारी मोकळा असलेला सातवीतला मुलगा आहे.

दरवर्षी २९ सप्टेंबर हा अन्नाचं नुकसान आणि नासाडी यांविषयी जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो. तोपर्यंत थांबायची गरज नाही. या जुम्म्यापासून घरात दोन बादल्या ठेवा, पुढच्या जुम्म्याला बेरीज करा आणि पहिल्या बादलीचा आकडा कॅलेंडरवर लिहा. आणि तुमच्या घरात येत्या लग्नसराईत दावत असेल, तर बावर्चीला बयाणा देतानाच सांगा: रात्री देगा रिकाम्या करण्याआधी वजन करायचं आहे.

आम्हीही आमच्या मोहल्ल्यातल्या पुढच्या वलीम्याला काटा घेऊन जाणार आहोत. त्या मुलाला उत्तर द्यायचं अजून बाकी आहे.